तिसऱ्यांदा तीच मांडणी

लोकांच्या चुका काढायची मला लहानपणापासून खोड आहे. लग्नपत्रिका असो, दुकानाची पाटी असो की नवऱ्याने सांगितलेला किस्सा असो, चूक दिसली की माझी जीभ वळवळायला लागते. काम मिळालं तेही तसंच. मी प्रोग्रॅम लिहिते, आणि दिवसाचा निम्मा वेळ दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात घालवते. त्यामुळे डिसेंबरपासून जे घडलं ते सांगताना मला दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवता येत नाही. चूक माझी, आणि तिच्यावर घातलेलं पांघरूणही माझंच.

गोपीनाथकाका आमचे बरखेड्यातले शेजारी. बाबा आणि ते एकाच कारखान्यात. दोघेही नोकरीसाठी महाराष्ट्रातून भोपाळला आले आणि इथलेच झाले. काका तपासणी विभागात होते. त्यांनी मोजून पास केलेला भाग पुढे कोणी परत मोजत नसे, असं बाबा सांगायचे. रविवारी सकाळी क्वार्टरच्या ओट्यावर काका कॉलनीतल्या मुलांना बुद्धिबळ शिकवायचे. मी सात वर्षांची असताना तिथेच शिकले. "हात लागला तो मोहरा चालवायचा" हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय, की अजूनही भाजीवाल्याकडे एखाद्या वांग्याला हात लागला तर ते घ्यावंसंच वाटतं.

आता काका त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. बरखेड्याजवळच छोटं घर घेऊन वसुधाकाकूंबरोबर राहतात, आणि मुलांचा रविवारचा वर्ग तिथल्या ओट्यावर भरायचा. मुलगा जितेंद्र पुण्याला असतो. काकांना कशाचीच भीती नाही, एक गोष्ट सोडून. त्यांचे थोरले भाऊ ग्वाल्हेरला हेडमास्तर होते. शेवटची सहा वर्षं त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. स्वतःच्या बायकोला ते 'ताई' म्हणायचे. काका त्यांना दर महिन्याला भेटून यायचे आणि आल्यावर दोन दिवस गप्प असायचे. तेव्हापासून त्यांनी एक सवय लावून घेतली. रोज सकाळी चहा होईपर्यंत एक जुना डाव पहिल्या खेळीपासून शेवटच्या खेळीपर्यंत तोंडपाठ म्हणायचा, समोर पट न घेता. "जोवर डाव आठवतोय तोवर मी शाबूत," असं म्हणायचे. हे सगळं मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या, की मला माहीत होतं.

बरखेड्यातल्या आमच्या मराठी मंडळाची बुद्धिबळ स्पर्धा दर डिसेंबरात होते. तीस वर्षं काकाच पंच. त्यांचा नियम कडक होता: दोन्ही खेळाडूंनी प्रत्येक खेळी कागदावर लिहायची, आणि अंतिम डाव काका स्वतः वहीत उतरवायचे. अशा तीस वह्या मंडळाच्या कपाटात आहेत. गेल्या वर्षी आमचा सेक्रेटरी सत्यजित मला म्हणाला, "योगिनी, यार, तू सॉफ्टवेअरवाली. अपन काहीतरी मॉडर्न करू या ना. पडद्यावर डाव दिसला पाहिजे, पब्लिकला मजा आली पाहिजे." मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरे होतं.

बुद्धिबळाचे नियम जाणणारी जावास्क्रिप्टची एक लायब्ररी आहे. कोणीही घ्यावी आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडावी. ती स्वतः खेळत नाही. कोणती खेळी नियमात बसते, कोणती नाही, शह आहे का, मात झाली का, डाव बरोबरीत सुटला का, एवढंच ती सांगते. थोडक्यात, ती पंच आहे. तिच्या जोरावर मी चार शनिवारांत ऍप तयार केलं. खेळाडू नेहमीच्या लाकडी पटावर खेळणार, मी शेजारी बसून त्यांची प्रत्येक खेळी लॅपटॉपवर टाकणार, आणि सभागृहातल्या पडद्यावर ती सगळ्यांना दिसणार. मात झाली, किंवा तीच मांडणी तिसऱ्यांदा पटावर आली आणि नियमाप्रमाणे डाव बरोबरीत गेला, की ऍप आपण होऊन डाव थांबवणार.

"मग मी काय करू?" काकांनी विचारलं.

"तुम्ही खेळा की! तीस वर्षं दुसऱ्यांचे डाव लिहिलेत."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग ते म्हणाले, "आणि खेळ्या लिहायला कागद?"

"काही गरज नाही, काका. सगळं ह्याच्यात राहतं."

"लिहिलेलं बरं असतं, बेटा," ते म्हणाले. पण मंडळाने नियम बदलला होता, त्यांनी तो मानला आणि पेन खिशाला लावून टाकलं.

काका खेळले, आणि बघता बघता अंतिम फेरीत पोचले. समोर श्यामराव बर्वे, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, मंडळाचे तीन वेळचे विजेते. रविवारची सकाळ, सभागृह भरलेलं, काकू पहिल्या रांगेत नवी साडी नेसून बसलेल्या. डावाच्या मध्यात काकांचा एक हत्ती गेला. सगळे म्हणाले, संपलं. पण काकांनी वजीर मध्ये घुसवला आणि श्यामरावांच्या राजाला शह द्यायला सुरुवात केली. राजा कोपऱ्यात गेला, वजीर आडवा सरकून पुन्हा शह. राजा परत जागेवर, वजीर परत जागेवर, पुन्हा शह. राजाला यातून सुटका नव्हती. हरलेला डाव बरोबरीत सोडवायची ही जुनी युक्ती काकांनीच मला ओट्यावर शिकवली होती.

पंचेचाळिसावी खेळी करून काकांनी हात मागे घेतला आणि पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर काहीच आलं नाही. श्यामरावांचं घड्याळ चालू होतं.

"योगिनी, बरोबरी," काका म्हणाले. "तिसऱ्यांदा तीच मांडणी आली."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. तिथेही काही नव्हतं. खेळ्यांची सगळी यादी माझ्या पुढ्यात होती. मागे जाऊन मोजायला दोन मिनिटं लागली असती. मी मोजलं नाही. सभागृह माझ्याकडे बघत होतं आणि मी माझ्या ऍपच्या प्रेमात होते.

"तीनदा आली असती तर त्याने आपण होऊन डाव थांबवला असता, काका. दोनदाच आली असेल."

"नाही बेटा. एक्केचाळीस, त्रेचाळीस, आणि आता ही."

आणि मी म्हणाले, हसत म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काका, माणूस विसरतो. कॉम्प्युटर विसरत नाही."

लोक हसले. सत्यजितच्या हातात माइक होताच. "काका, अब मशीन से पंगा मत लो," तो म्हणाला आणि लोक आणखी हसले. श्यामरावांनी खांदे उडवले. आपण मोजलं नाही म्हणाले. काकूंकडे माझं लक्ष गेलं. त्या हसत नव्हत्या, त्या काकांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

काकांनी वाद घातला नाही. श्यामरावांनी राजा हलवला. काका बराच वेळ पटाकडे बघत राहिले, बोटांवर काहीतरी मोजत राहिले, मध्येच थांबले. "मग माझंच कुठेतरी चुकतंय," असं पुटपुटले. मग त्यांनी शह देणं सोडून भलतीच खेळी केली आणि सहा खेळ्यांत त्यांच्यावर मात झाली. बक्षीससमारंभात सत्यजितने मला शाल दिली. मी ती खांद्यावर मिरवत घरी आले.

जानेवारीत अरेरा कॉलनीतल्या एका शाळेने स्पर्धेसाठी माझं ऍप मागितलं. अकरा तारखेला, शनिवारी दुपारी, मी ते एकदा तपासायला बसले. सहज म्हणून दोन्ही बाजूंचे घोडे बाहेर काढले, परत घरी नेले, पुन्हा बाहेर, पुन्हा घरी. मूळची मांडणी तिसऱ्यांदा पटावर आली. ऍपने डाव थांबवायला हवा होता. ऍप ढिम्म.

चूक सापडायला वीस मिनिटं लागली. प्रत्येक खेळीनंतर मी पटाची त्या क्षणाची मांडणी एका ओळीत साठवत होते, आणि पुढच्या खेळीला त्या एका ओळीवरून लायब्ररीला कोरा डाव उघडून देत होते. कोणता मोहरा कुठे उभा आहे हे त्या ओळीत असतं. तिथवर डाव कसा आला हे त्यात नसतं. म्हणजे लायब्ररीला प्रत्येक खेळी ही पहिलीच खेळी वाटत होती. मात ती ओळखत होती, कारण मात समोर दिसते. पण मागचं मोजण्यासाठी मागचं हाती असावं लागतं, आणि ते मी दर खेळीला फेकून देत होते. लायब्ररीचा यात काही दोष नव्हता. खेळ्यांची यादी मी वेगळी ठेवली होती, फक्त पडद्याच्या कडेला शोभेसाठी.

मी अंतिम डावाची ती यादी उघडली. एक्केचाळीस, त्रेचाळीस, पंचेचाळीस. काकांनी सांगितलं होतं तस्सं.

माझी पाचावर धारण बसली. चार ओळी बदलून मी चूक दुरुस्त केली. मग फोन उचलला, काकांचं नाव काढलं आणि फोन खाली ठेवला. शाल डोळ्यांसमोर आली, सत्यजितचा माइक आला, श्यामरावांच्या घरातली विजेत्याची ढाल आली. शेवटी मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: 'ऍपमध्ये किरकोळ सुधारणा केल्या आहेत.' चौदा जणांनी अंगठे दाखवले. दुसऱ्याची असती तर चूक म्हणून मी ती चव्हाट्यावर मांडली असती. माझी होती म्हणून किरकोळ सुधारणा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे लोकांना ऐकवताना मला किती मजा यायची.

चार दिवसांनी काकूंचा फोन आला. "बेटा, काय सांगू, हे अगदी बदललेत गं. गॅस बंद केला का ते चार-चार वेळा उठून बघतात. स्कूटरची चावी मला देऊन टाकली, म्हणाले मी रस्ता विसरेन. सकाळचा डाव म्हणणं बंद केलंय. जितेंद्र म्हणतोय, घर विका आणि पुण्याला या."

त्या रविवारी मी सांगायचं ठरवूनच त्यांच्याकडे गेले. खरंच ठरवलं होतं. फ्रिजवर काकांच्या सुबक अक्षरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या: गोळी, सकाळी. गोळी, रात्री. वीजबिल भरले. जितेंद्रचा वाढदिवस. ओट्यावर मुलं नव्हती. रविवारचा वर्ग त्यांनी थांबवला होता. काकूंनी पोहे पुढ्यात ठेवले.

"दादांचंही असंच सुरू झालं होतं," काका शांतपणे म्हणाले. "आधी छोट्या छोट्या गोष्टी. आणि गंमत म्हणजे माणसाला वाटतं आपण बरोबर आहोत. मला त्या दिवशी शंभर टक्के वाटत होतं, तीनदा झालं."

तेव्हा बोलायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. त्याऐवजी मी जे म्हणाले ते लिहितानाही माझा हात आखडतो. मी म्हणाले, "वयानुसार थोडंफार होतंच, काका. मनावर घेऊ नका."

मी त्यांना धीर दिला. पोहे संपवले, लिंबू मागून घेतलं आणि घरी आले. त्या रात्री मला स्वतःची किळस आली, पण किळस येऊनही मी फोन केला नाही. रोज ठरवायची, उद्या सांगू. रोज वाटायचं, आता इतक्या दिवसांनी कसं सांगू. जितका उशीर तितकी माझी लाज मोठी, आणि लाज मोठी म्हणून आणखी उशीर.

एक फेब्रुवारीला दुपारी दाराची घंटा वाजली. दारात काका. बरखेड्याहून माझ्या कोलार रोडच्या फ्लॅटपर्यंत रिक्षा आणि बस बदलत आले होते. हातात कापडी पिशवी. पाणी प्यायले, पिशवीतून मंडळाच्या कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"वह्या आता तू सांभाळ. आम्ही बहुतेक एप्रिलमध्ये जाऊ. घर बघायला माणसं येतायत."

"काका..."

"थांब, मला बोलू दे. नाहीतर विसरेन." ते हसले, पण ते हसणं नव्हतं. "मी भर सभेत तुझ्या कामावर शंका घेतली. तू एवढी मेहनत केलीस मंडळासाठी आणि मी म्हातारा हट्टाला पेटलो. तुझं बरोबर होतं. जायच्या आधी माफी मागायला आलो."

आणि त्यांनी मला हात जोडले. मला, जिला त्यांनी घोड्याची चाल बोट धरून शिकवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचे हात खाली केले आणि काही न बोलता लॅपटॉप आणून समोर ठेवला. बोलायला गेले असते तर पुन्हा काहीतरी गोड खोटं निघालं असतं.

डाव उघडला. खेळ्या एकेक करून पुढे न्यायला लागले. बारा-पंधरा खेळ्या झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी बटण दाबायच्या आधी काका खेळी सांगताहेत. "आता उंट मारणार. आता प्यादं पुढे." सहा आठवड्यांपूर्वीचा डाव त्यांना तोंडपाठ होता, एकही खेळी मागेपुढे न होता. एक्केचाळिसाव्या खेळीला मी थांबले. त्रेचाळिसाव्या खेळीला थांबले. पंचेचाळिसाव्या खेळीला पडद्यावर अक्षरं आली: डाव बरोबरीत. तीच मांडणी तिसऱ्यांदा.

काका चष्मा सावरून पडद्याच्या जवळ गेले.

"हे त्या दिवशी नव्हतं आलं."

"माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक होती, काका. तुमचं मोजणं बरोबर होतं. तुम्ही काहीच विसरला नव्हता."

ते खुर्चीत मागे टेकले. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

'आजच' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. अगदी टोकावर. "अकरा जानेवारीला," मी म्हणाले.

त्यांनी मनात हिशेब केला. "तीन आठवडे. म्हणजे तू घरी आलीस तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"वयानुसार होतंच, म्हणालीस."

"हो."

त्यांनी मला फाडफाड बोलायला हवं होतं. मला ते हवं होतं, कारण मग मला रडता आलं असतं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वसुधाला फोन लाव. स्पीकरवर घे. आधी तिला सांग."

मी सांगितलं. सगळं, पोह्यांसकट.  मग काकू म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी मला बेटा म्हटलं नाही, "योगिनी, मंगळवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी ह्यांना आजची तारीख काय म्हणून विचारलं. ह्यांनी बरोबर सांगितली. आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, बरोबर आहे ना गं?" फोन बंद झाला.

मी तिथेच बसून मंडळाच्या ग्रुपवर संदेश लिहिला. माझ्या ऍपमध्ये चूक होती, काकांचा दावा खरा होता, अंतिम डाव बरोबरीतच सुटला होता, ढाल दोघांची आहे. पाठवायच्या आधी काकांना वाचायला दिला. त्यांनी तो तपासणी विभागातला कागद वाचावा तसा वाचला.

"एक चूक लिहिलीस. दोन होत्या," ते म्हणाले. "दुसरी पण लिही."

मी दुसरीही लिहिली: हे मला तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं आणि मी गप्प बसले. पाठवलं. फोन लगेच थरथरायला लागला. मी तो उलटा ठेवला. टेबलावरची कपाटाची किल्ली काकांनी उचलली आणि पिशवीत परत टाकली, तेव्हा मला जरा बरं वाटलं. वाटलं, झालं, हे आता पहिल्यासारखे होतील. बघा, तेव्हाही मी स्वतःची सुटकाच शोधत होते.

त्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेले. काका ताठ चालत होते. बटण दाबून म्हणाले, "जाताना दूध घ्यायचंय."

मग त्यांचा हात खिशात गेला. त्यांनी एक चिठ्ठी बाहेर काढली, चष्मा लावला आणि वाचली. वर माझा पत्ता होता, मजल्यासकट. खाली एकच शब्द होता. लिफ्ट आली, दार उघडलं, तरी ते चिठ्ठीकडे बघत उभे होते. मग त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"दूधच लिहिलंय ना, बेटा?"

"हो काका," मी म्हणाले. "दूधच."